खिडकीतले ऊन, पठारावरचे फूल : चित्रकाराच्या आनंदाविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे रंगांच्या मिश्रणाविषयी किंवा कुंचल्यांच्या निवडीविषयी नसून, चित्र काढताना मिळणाऱ्या आणि कधी कधी न मिळणाऱ्या आनंदाविषयी आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण घरात अडकून पडलेल्या कितीतरी हौशी चित्रकारांची आहे, म्हणून त्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले असून सध्या जलरंगात निसर्गचित्रण शिकते आहे. आमच्या वर्गातील मंडळी रविवारी कधी माळशेज घाटात, कधी अलिबागला चित्रे काढायला जातात. माझे गुडघे दुखतात आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यामुळे मला कुठेच जाता येत नाही. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू, वाळत घातलेले कपडे आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. अशा ठिकाणी निसर्गाचा आनंद कसा मिळवावा?
— एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : तुमच्या खिडकीतून ऊन दिसते, आणि निसर्गचित्रकाराला सर्वांत आधी लागते ते ऊनच. माळशेजचा कडा असो किंवा समोरच्या इमारतीची भिंत असो, आपण रंगवतो ती तिच्यावर पडलेल्या उजेडाची आणि सावलीची रचना. कडा पाहताना मन आधीच भारावलेले असते, त्यामुळे तिथे आपण नीट न बघताही खूश होऊन परत येऊ शकतो. भिंतीसमोर तशी सोय नाही. तिथे बघावेच लागते. माझ्या मते शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही अडचण नसून मोठी संधी आहे, आणि तुम्हाला बरे वाटावे म्हणून मी हे लिहीत नाही.

समोरच्या गच्चीवरची काळी टाकी सकाळी सातच्या सुमारास नीट पाहा. तिला आपण काळी म्हणतो, पण आकाशाकडे वळलेली तिची वरची कड निळसर राखाडी असते, उन्हाकडची बाजू धुळीमुळे मळकट तपकिरी दिसते, आणि खरोखर काळा म्हणावा असा भाग टाकी व गच्ची यांच्यामधल्या फटीत जेमतेम बोटभर उरतो. तीच गोष्ट पांढऱ्या भिंतीची. सावलीत गेलेली भिंत आकाशाचा निळा रंग घेते, आणि खालच्या फरशीवर आपटून वर येणारे ऊन त्याच सावलीच्या खालच्या अंगाला किंचित पिवळी ऊब देते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, हे दोनच रंग कमीअधिक प्रमाणात मिसळून या बहुतेक सगळ्या करड्या छटा मिळतात, त्यामुळे मोठी रंगपेटी मांडून बसण्याचीही गरज नाही. एकदा ही निळी सावली दिसली, की पुढे ती रस्त्यात, जिन्यात, ताटाखाली, सगळीकडे दिसू लागते. आणि तसे दिसू लागणे हाच आपल्या कामातला सर्वांत टिकाऊ आनंद आहे असे मी मानतो.

कपड्यांकडेही याच नजरेने बघता येईल. नुकतीच पिळून वाळत घातलेली सुती साडी जड असते, तिच्या घड्या सरळ खाली उतरतात आणि रंग गडद दिसतो. दुपारपर्यंत वरचा भाग वाळून फिका होतो, काठाकडचा ओला भाग गडदच राहतो, आणि वारा आला की फक्त वरचे हलके कापड फुगते. एका साडीवर दोन तासांत एवढे घडते. पावसाळ्यात इमारतीच्या भिंतीवर उतरणारे काळे ओघळ, पाइपाच्या सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप आणि त्याचे उन्हात आरपार दिसणारे तांबूस कोवळे पान, हे सगळे तुमच्याच खिडकीच्या चौकटीत आहे. पिंपळाचे ते पान हिरवे होण्याआधीचे काही दिवस तर अवश्य साधावेत, कारण तो तांबूस रंग फार लवकर जातो.

जवळचेच, रोजचेच विषय घेऊन आयुष्यभर काम केलेले चित्रकार आपल्याकडे आणि बाहेरही होऊन गेले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू 1931) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पुढे शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. परंतु त्यांच्या निसर्गचित्रांत पुन्हा पुन्हा भेटतात ती कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा काठ ही कोल्हापूरकरांच्या रोजच्या पायाखालची ठिकाणे. इटलीतील जॉर्जो मोरांडी (1890–1964) यांनी तर बोलोन्या शहरातल्या आपल्या घरात त्याच त्या बाटल्या, डबे आणि भांडी जागा बदलून मांडत अनेक दशके चित्रे केली, आणि त्या चित्रांसमोर उभे राहिले की दोन बाटल्यांमधली रिकामी जागासुद्धा किती बोलकी असू शकते ते कळते. इंग्लंडमधील जॉन कॉन्स्टेबल यांनी 1821 आणि 1822 या वर्षांत लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे केवळ आकाशाचे आणि ढगांचे अभ्यास केले. त्यांतील अनेक अभ्यासांच्या मागे त्यांनी तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली आहे. हवामानाची नोंद ठेवावी तितक्या निष्ठेने त्यांनी ते काम केले.

तुम्ही नेमकी हीच पद्धत उचलावी असे सुचवतो. पोस्टकार्डाएवढे कागद कापून खिडकीजवळ ठेवा. खिडकीतला एकच तुकडा निवडा, म्हणजे टाकी आणि तिच्या बाजूची भिंत, किंवा दोरीवरचे दोन कपडे. सकाळी आणि दुपारी चारनंतर, जमेल त्या दिवशी, वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ न घालवता तोच तुकडा रंगवा आणि मागे तारीख, वेळ व ऊन कसे होते ते लिहा. चित्र पूर्ण झाले पाहिजे असा हट्ट धरू नका. महिनाभराने सगळे कागद जमिनीवर मांडून पाहिलेत, तर पहिल्या कागदावर भिंत एकाच करड्या रंगाची असेल आणि शेवटच्या कागदांवर तिच्यात तीन-चार रंग आलेले असतील. तुमचा हात सुधारला म्हणून हा फरक पडत नाही. तुम्ही अधिक पाहू लागलात म्हणून पडतो.

सासूबाईंविषयी थोडे वेगळे लिहायला हवे. रुग्णाची सेवा करणाऱ्या माणसाला सलग वेळ मिळत नाही, मिळतात ते तुकडे. त्यामुळे त्यांच्या उशाशी एक लहान वही आणि पेन्सिल कायम ठेवा. औषधांच्या बाटल्या, तांब्याभांडे, चष्मा, पांघरुणाची घडी यांची रेखाटने होऊ शकतात. पितळी तांब्यात खोलीची सगळी खिडकी वाकून उतरलेली असते, आणि स्टीलच्या भांड्याला तर स्वतःचा असा रंगच नसतो; शेजारी लाल दुलई असेल तर ते भांडे लाल होते. सासूबाईंना चालणार असेल तर त्यांचा हातही रेखाटा, मात्र आधी त्यांना विचारा आणि काढलेले त्यांना दाखवा. अंथरुणावर असलेल्या माणसाकडे दिवसभर सगळे जण दुखण्याच्याच नजरेने बघत असतात. कोणी आपल्याकडे चित्रासाठी, नुसते मन लावून बघते आहे, याचा त्यांनाही आनंद होण्याची पुष्कळ शक्यता आहे.

घरातला एक साधा क्षण किती मोठे चित्र होऊ शकतो याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण म्हणजे सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि त्यासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. ज्योतीला आडोसा करणाऱ्या बोटांच्या कडा उजेडाने लालसर झाल्या आहेत, तो भाग कधी छापील प्रतीत का होईना, बारकाईने पाहा. तिन्हीसांजेला घराघरांत दिसणारी ही गोष्ट आहे, आणि ती पाहण्यासाठी घराबाहेर पडावे लागत नाही.

प्रश्न : मी साताऱ्याचा रहिवासी असून दर वर्षी सप्टेंबरमध्ये कास पठारावर जातो. तिथे मन भरून येते. शेकडो फोटो काढतो आणि घरी येऊन त्यांवरून चित्रे करतो, पण ती चित्रे निर्जीव वाटतात. पठारावर झालेला आनंद चित्रात का उतरत नाही?
— एक शिक्षक, सातारा

उत्तर : याचे कारण बऱ्याच अंशी फोटोच्या स्वभावात आहे. आपला डोळा उजेडाकडे वळला की बाहुली लहान होते, सावलीकडे वळला की मोठी होते. त्यामुळे ढगांच्या कडा आणि खडकाखालची ओली माती या दोन्हींतले रंग आपल्याला दिसतात. कॅमेरा एका क्षणी एकच हिशेब धरतो, म्हणून फोटोत एक तर आकाश पांढरे फटक होते किंवा सावल्या काळ्या होतात. आजचे मोबाइल हा फरक भरून काढण्याचा प्रयत्न करतात, पण त्या नादात हिरवे आणि जांभळे रंग इतके भडक करतात की पठारावरचा खरा, ओलसर, राखाडीकडे झुकणारा हिरवा रंग हरवतो. तुम्ही घरी बसून जे रंगवता ते मोबाइलने आधीच ठरवून दिलेले असते. निवड तुमची राहत नाही, आणि ज्या चित्रात चित्रकाराला निवड करायला वावच नसतो, त्यात जीव कसा येणार?

दुसरे कारण असे की शेकडो फोटो काढणारा माणूस कुठेही थांबत नाही. कास हे तर थांबण्याचेच ठिकाण आहे. सुमारे 1200 मीटर उंचीवरचे हे जांभ्या खडकाचे पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले, पण त्याचे वैभव बहुतांशी घोट्याच्या उंचीवर आहे. खडकावरच्या मातीचा थर अगदी पातळ, म्हणून तिथली फुलेही बुटकी. सीतेची आसवे हे निळसर जांभळे फूल नखाएवढे असते आणि ते कीटकभक्षी आहे. पाण्याने भरलेल्या मातीत त्याच्या सूक्ष्म पिशव्या बारीक जीव पकडतात. गेंदाची पांढरी बोंडे, तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा यांचे गालिचे दुरून सुंदर दिसतात हे खरे, पण गालिचा रंगवू पाहणाऱ्याच्या कागदावर बहुधा नुसते ठिपके उमटतात. एका फुलासमोर बसणाऱ्याला पाकळीची शीर, तिच्यावरचा पाण्याचा थेंब आणि त्या थेंबाखाली गडद झालेला जांभळा असे सगळे मिळते.

यंदा जाताना गर्दीचे शनिवार-रविवार टाळा, आधी नोंदणी करून सकाळच्या वेळी जा, आणि आखून दिलेल्या वाटेवरूनच, फुलांवर पाय न देता, जिथे थांबता येईल तिथे थांबा. मोबाइल पिशवीत ठेवून पहिली वीस मिनिटे नुसते पेन्सिलने रेखाटन करा आणि रंगांच्या जागी शब्द लिहा : येथे हिरव्यात तपकिरी, येथे ढगाच्या पोटात जांभळट, येथे पाणी आकाशापेक्षा गडद. त्यानंतर हवे तर दोन-तीन फोटो घ्या. घरी रंगवताना आकारांसाठी फोटो आणि रंगांसाठी तुमच्या नोंदी वापरा; दोन्हींत विरोध आला तर नोंदींवर विश्वास ठेवा. आणखी एक विनंती अशी की वर्षातून एकदाच्या कासवर सगळा भार टाकू नका. पावसानंतर तुमच्या शहराच्या डोक्यावर असलेल्या अजिंक्यताऱ्याच्या उतारांवर तेरडा असतो, शाळेच्या कुंपणाला वेली असतात, मधल्या सुट्टीत मैदानावर साचलेल्या पाण्यात आभाळ उतरलेले असते. ज्याचा हात तिथे रोज चालतो, त्याला कासवर गेल्यावर कुठे थांबायचे ते वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रश्न : मी कलाशाखेचा विद्यार्थी आहे. पूर्वी नदीकाठी, मंडईत बसून रेखाटने करताना तहानभूक हरपायची. आता चित्रे समाजमाध्यमांवर टाकू लागल्यापासून किती जणांना आवडले हेच आधी बघतो. ज्या चित्राला कमी पसंती मिळते ते मलाही आवडेनासे होते. पुन्हा तसा आनंद मिळेल का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मिळेल, आणि त्यासाठी चित्रे दाखवणे बंद करण्याची आवश्यकता नाही. आपले काम लोकांनी पाहावे, त्याचे कौतुक करावे, पुढे ते विकले जावे, ही इच्छा निरोगी आहे; तिच्याविना व्यावसायिक चित्रकाराचे घर चालत नाही. बिघडते ते दुसऱ्या ठिकाणी. मंडईत बसलेले असताना, भाजीवालीच्या डोक्यावरच्या ताडपत्रीतून गाळून आलेला निळा उजेड तिच्या टोपलीतल्या टोमॅटोंवर पडून ते जांभळट दिसत असतात, आणि त्याच वेळी तुमच्या मनात हे चित्र पडद्यावर कसे दिसेल याचा विचार चालू असतो. मग तुम्ही टोमॅटो लाल रंगवता, कारण लाल टोमॅटो लोकांना ओळखू येतात. जे तुम्ही एकट्याने पाहिले होते ते कागदावर येण्याआधीच गळून जाते. तहानभूक हरपणे म्हणजे त्या जांभळट टोमॅटोंवर विश्वास ठेवून त्यांच्यामागे जाणे होते.

म्हणून एक वही अशी करा की जी कोणालाही दाखवायची नाही, शिक्षकांनाही नाही आणि मित्रांनाही नाही. तिच्यात वाईट रेखाटने होऊ द्या, अर्धी सोडलेली होऊ द्या, एकाच चहाच्या कपाची पानेच्या पाने भरू द्या. प्रभाकर बरवे (1936–1995) यांचे उदाहरण मला या बाबतीत फार जवळचे वाटते. जे. जे.मधून शिकून बाहेर पडल्यावर त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली आणि वर्षानुवर्षे रोजनिशीसारख्या वह्यांतून वस्तूंविषयी, आकारांविषयी, आकारांमधल्या अवकाशाविषयी चिंतन व रेखाटन चालू ठेवले. त्यांच्या एनॅमल रंगांतल्या चित्रांत घड्याळ, पान, फळ अशा साध्या वस्तू येतात, पण त्या इतक्या शांतपणे एकमेकींपासून अंतर राखून असतात की पाहणारा त्या वस्तू पहिल्यांदाच पाहतो आहे असे त्याला वाटते. वर्षानुवर्षे एकांतात चाललेल्या त्या वहीकामाशिवाय ही शांतता चित्रात आली असती असे मला वाटत नाही.

दाखवण्याच्या चित्रांसाठीही एक पथ्य पाळून पाहा. चित्र पूर्ण झाल्यावर ते लगेच कोठेही टाकू नका. आठवडाभर खोलीत समोर लावून ठेवा आणि त्यातला कोणता भाग तुम्हाला स्वतःला खरा वाटतो ते त्याच्या मागे एका वाक्यात लिहा. नंतर लोक काहीही म्हणोत, तुमचे मत आधीच नोंदलेले असेल. कमी पसंती मिळालेल्या चित्रामागचे ते वाक्य पुन्हा वाचलेत, तर त्या चित्रावरचे तुमचे प्रेम उगाच कमी होणार नाही. हे पथ्य सुरुवातीला जड जाईल, विशेषतः सोबतचे सगळे विद्यार्थी रोज काहीतरी दाखवत असताना. तरीही एक सत्र ते पाळावे असा माझा आग्रह आहे. आणि मंडईत पुन्हा जा. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्यांतल्या पेंढ्याचा पिवळा आणि हापूसचा पिवळा यांतला फरक रंगवून पाहा. तो रंगवता आला की कोणाची दाद मिळाली हे विचारायचे तुम्हाला बहुधा सुचणार नाही.

प्रश्न : कोकणातला पाऊस मला अतिशय प्रिय आहे, परंतु पावसाळ्यात जलरंग वाळत नाहीत, कागदावर डाग पडतात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागते. काही उपाय आहे का?
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : काम बंद ठेवू नका, पाऊस आवडणाऱ्या चित्रकाराने पावसाळ्यातच रजा घ्यावी हे बरे नव्हे. दमट हवेत रंग उशिरा वाळतो, याचा अर्थ ओल्यावर ओले काम करायला, म्हणजे कागद ओला असतानाच त्यावर पुढचा रंग द्यायला, तुम्हाला मे महिन्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मिळतो. ढगांच्या विरत जाणाऱ्या कडा, धुक्यात बुडालेली माडांची रांग, पलीकडचा डोंगर आणि पाऊस यांच्यातली पुसट सीमा, हे सगळे त्याच अवधीत साधते. एक थर पूर्ण वाळल्यावर दुसरा थर द्यायची सवय असेल तर ती या दिवसांत सोडून एकाच ओल्या थरात चित्र संपवायचा प्रयत्न करा, आणि तीन लहान कागदांवर आळीपाळीने काम करा, म्हणजे एक वाळेपर्यंत हात रिकामा राहणार नाही. कागद दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा आणि शक्यतो सुती घ्या. पातळ कागद दमट हवेत अधिक वाकतो.

डागांचे कारण बहुतेक वेळा बुरशी असते. ती कागदावरचे सरसाचे आवरण खराब करते, मग तेवढ्या जागी रंग टिपकागदावर पसरावा तसा आत शिरतो आणि ते डाग नंतर काही केल्या जात नाहीत. म्हणून कोरे कागद भिंतीला टेकवून किंवा लोखंडी कपाटाच्या तळाला न ठेवता, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा आणि ऊन पडलेल्या दिवशी त्या पुड्या वाळवून घ्या. रंगपेटीही काम झाल्याबरोबर मिटू नका. वड्या वरून कोरड्या होईपर्यंत ती पंख्याखाली उघडी ठेवा. एखाद्या वडीवर बुरशी आलीच, तर वरचा थर ओल्या फडक्याने पुसून टाका आणि वडी पूर्ण वाळवल्यावरच पुन्हा वापरा.